सणासुदीत फ्लॅट विकणाऱ्यांसाठी सजावट-मार्गदर्शिका

पुण्यात जुना टू बीएचके विकायला काढायचा मोसम ठरलेला आहे. तो गौरी-गणपतीला सुरू होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत चालतो. साडेतीन मुहूर्तांतले दसरा आणि पाडवा याच मोसमात येतात, बोनसही याच सुमारास होतो, आणि ‘यंदाची दिवाळी नव्या घरात’ असं वर्षभर नुसतं म्हणत बसलेली माणसं याच दिवसांत खरोखर घराबाहेर पडतात. पंचाईत एवढीच, की ज्या दिवसांत गिऱ्हाईक येतं त्याच दिवसांत तुमच्या घरात वर्षातला सगळ्यात मोठा पसारा असतो. एजंट बजावतो, ‘घर असं दिसलं पाहिजे की इथे कोणी राहतच नाही.’ आई बजावते, ‘सणाचं घर भरलेलं दिसलं पाहिजे.’ दोन्ही आज्ञा एकाच हॉलमध्ये पाळायच्या आहेत. प्रस्तुत मार्गदर्शन त्यासाठी.

आधी परिभाषा. गिऱ्हाइकाला एजंट ‘पार्टी’ म्हणतात. आपणही तेच म्हणू. पार्टी कधी एकटी येत नाही. नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि ‘सिव्हिलमध्ये’ असलेले एक मेहुणे, असा तिचा किमान आकार असतो. सजावट पहिल्या तिघांसाठी करायची. मेहुणे ती एका हाताने बाजूला सारतात आणि दुसऱ्या हाताने मागची भिंत वाजवतात.

गणपती

घर विकायचं असेल तर दीड दिवसाचा गणपती सर्वात सोयीचा. पण ही गोष्ट एजंटच्या सांगण्यावरून ठरत नाही, आणि ठरवायला गेलात तर घराच्या आधी नाती विकली जातील. तेव्हा जेवढ्या दिवसांचा आहे तेवढ्या दिवसांचा बसवा. त्याचा एक फायदा लक्षात घ्या: गणपती घरात असला की दाराला कुलूप लागत नाही. ‘पार्टी खाली उभी आहे, पाच मिनिटांत येऊ का?’ या प्रश्नाला वर्षभर नाही म्हणणारे आपण या दिवसांत ‘या ना, दर्शनालाच या’ म्हणतो. देवासमोर पार्टीला चपला काढाव्या लागतात, हात जोडावे लागतात, मोदक घ्यावा लागतो. तोंडात मोदक असताना ‘फायनल किती?’ असं विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

मखराबद्दल एक सूचना. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणजे तुमच्या माळ्यावरचं ते सोनेरी मयूरासन त्याआधीचं आहे. ते लावता येत नाही, टाकवत नाही, आणि पार्टीने माळ्याचं दार उघडलं की सगळ्यात आधी तेच तिच्या डोक्यावर येतं. मोसम सुरू होण्यापूर्वी त्याचा निकाल लावा. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य या मार्गदर्शिकेत बाद आहे. पुढच्या वर्षी माळा तुमचा नाही.

पडदे, झालरी, कागदी फुलं भिंतीला चिकटपट्टीने लावू नयेत. विसर्जनानंतर पट्टी ओढली की रंगाचा पापुद्रा सोबत येतो आणि त्याखाली आधीचा रंग दिसतो, त्याखाली त्याच्याही आधीचा. मेहुणे हे थर मोजून इमारतीचं वय सांगतात, आणि ते तुम्ही जाहिरातीत दिलेल्या वयाशी जुळत नाही.

गौरी

मुखवट्यांच्या उभ्या गौरी हॉलमध्ये बसवल्या की हॉल संपतो. दोघी पैठणी नेसून, दागिने घालून उभ्या. पुढे फराळाची ताटं, फळं, सोळा भाज्यांची तयारी. दारातून आत येणारी पार्टी प्रथम त्यांनाच नमस्कार करते आणि मग कार्पेट एरिया विचारते. खड्यांच्या गौरी ज्यांच्याकडे आहेत त्यांचं काम सोपं: एका ताम्हनात सगळं मावतं, आणि खोली जाहिरातीत दिली आहे तेवढीच दिसते.

पण विक्रीच्या दृष्टीने खरी शिकण्यासारखी गोष्ट आवाहनाच्या दिवशी घडते. गौर दारातून येते. तिचे पाय धुतात, हळदीकुंकू लावतात, आणि रांगोळीने काढलेल्या पावलांवरून तिला घरभर फिरवतात. एकजण पुढे ताट वाजवत असते. स्वयंपाकघर दाखवतात, धान्याचे डबे दाखवतात, पैशाचं कपाट दाखवतात. जिथे थांबेल तिथे सगळं भरलेलं आहे असं सांगतात. यापेक्षा चांगली साइट व्हिजिट एकाही एजंटला आजवर जमलेली नाही. तो बिचारा दार उघडल्याबरोबर ‘हा कॉमन टॉयलेट’ म्हणून सुरुवात करतो.

तेव्हा पावलं पुसू नका. हवं तर त्यांची दिशा विचारपूर्वक ठरवा. दारातून हॉल, हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून मोठी बेडरूम, खिडकीपर्यंत. पार्टीतल्या सासूबाई या पावलांवर पाय पडू नये म्हणून त्यांच्या कडेकडेने चालतात, बाकीचे त्यांच्या मागून, आणि जिथे पावलं नाहीत तिथे सहसा कोणी जात नाही. ज्या छोट्या बेडरूममध्ये तुम्ही घरातला सगळा पसारा कोंबलेला आहे, तिथे गौर गेली नाही तर बिघडत नाही. मेहुणे मात्र जातात.

पार्टीतल्या बाईंना हळदीकुंकू, ओटी, जमल्यास ब्लाउजपीस असा पूर्ण मान द्यावा. यात संस्कृती आहे, आणि हिशोबही. पुणे शहरात घरखरेदीवर मुद्रांक शुल्क सात टक्के पडतं, आणि खरेदी एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर त्यात एक टक्का सूट मिळते. तुमचा फ्लॅट एक कोटी वीस लाखांचा धरला, तर पार्टीच्या डोक्यात आठ लाख चाळीस हजार मुद्रांकाचे आणि तीस हजार नोंदणीचे सतत फिरत असतात. वहिनींच्या नावावर घेतलं की त्यातले एक लाख वीस हजार वाचतात. ओटी भरताना हे त्यांच्या कानावर घालावं. ‘घर तुमच्याच नावावर होऊ दे’ हा आशीर्वाद देवीच्या तोंडी शोभतो आणि मुद्रांक कायद्यातही बसतो.

सावधगिरी एकच. त्याच वेळी शेजारच्या काकूही हळदीकुंकवाला आलेल्या असतात. वहिनी त्यांना विचारतात, ‘पाण्याचं कसं आहे इथे?’ काकू अगदी मनापासून सांगतात, ‘आता पूर्वीइतके टँकर लागत नाहीत.’ काकूंना आमंत्रण द्यावंच लागतं. वेळ वेगळी द्या.

पितृपक्ष

या पंधरवड्यात कोणी येत नाही, आणि जो येतो तो ‘पितृपक्षात तुम्हाला कोण मिळणार?’ असं म्हणून पाच लाख कमी करायला येतो. त्याला चहा द्या, साखर कमी घाला. उरलेल्या वेळात पुट्टी लावा, झालरीचे खिळे उपटा, समईच्या तेलाचे डाग सोड्याने घासा.

नवरात्र

घटस्थापनेला देवघराशी पत्रावळीवर माती पसरतात, धान्य पेरतात, घटातलं पाणी पाझरून माती ओली राहते. पाचव्या-सहाव्या माळेला हिरवे-पिवळे अंकुर वीतभर होतात. सुंदर दिसतं. पण पार्टीच्या बाजूने पाहा: सातव्या माळेला ती घरात शिरते आणि तिला कोपऱ्यात ओल दिसते, आणि ओलीवर झाडं उगवलेली दिसतात. ही ओल धार्मिक आहे, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची नाही, हे लगेच आणि ठणकावून सांगावं.

काही चतुर गृहस्थ याच्या उलट करतात. वरच्या बाथरूमची ओल ज्या भिंतीत उतरली आहे, नेमका तिच्याच पायथ्याशी घट बसवतात. नऊ दिवस ही युक्ती बिनतोड चालते. दसऱ्याला घट उठतो, ओल उठत नाही. शिवाय अखंड दिव्याची काजळी छतावर गोल उमटते, आणि मेहुणे तिच्याकडे पाहून ‘स्लॅबला काय झालंय?’ म्हणतात. लीकेज असेल तर प्लंबरला बोलवा. देवीला या व्यवहारात ओढू नका.

दसऱ्याचं काम थोडकं आहे. दाराला झेंडू-आंब्याचं तोरण लावा, गाडी धुऊन हार घाला आणि ती आपल्याच पार्किंगमध्ये उभी करा. हार घातलेली गाडी पाहून पार्टीला पार्किंग आहे हे दिसतं, ते तुमचंच आहे हेही दिसतं. टोकन द्यायची इच्छा याच दिवशी प्रबळ असते, म्हणून पावतीपुस्तक जवळ ठेवा. तोरण वाळलं की काढून टाका. पुढच्या दसऱ्यापर्यंत सुकलेलं तोरण मिरवायची आपली जुनी पद्धत विकाऊ घराला परवडत नाही.

दिवाळी

दिवाळीच्या आवरासावरीवर वेगळं काही सांगायला नको. परदेशी तज्ज्ञ ज्याला हजारो रुपये घेऊन घर रिकामं करणं म्हणतात, ते आपल्याकडे दर आश्विनात आई फुकट करून घेते. फक्त माळ्यावरून काढलेल्या वस्तू पुन्हा माळ्यावर चढवू नयेत, एवढंच नवीन.

हॉलमधल्या भिंतीवरच्या फोटोंचा प्रश्न नाजूक आहे. आजोबा, आजी, मोठे काका. प्रत्येकाला चंदनाचा हार. दिवाळीत ते पुसून, नवे हार घालून पुन्हा लावतात. पार्टीतल्या सासूबाई ते मोजतात. मग हळूच विचारतात, ‘याच घरात का?’ उत्तर तयार ठेवा: ‘नाही हो, सगळे गावाला, आणि सगळे ऐंशीच्या पुढे.’ फोटो काढून ठेवणं सोपं वाटेल, पण मग भिंतीवर तीन पांढरे चौकोन राहतात आणि ते जास्त संशयास्पद दिसतात.

कंदील गॅलरीत लावायचा असतो. पण आपली गॅलरी आपण कधीच आत घेतलेली आहे, तिथे आता मुलाचं अभ्यासाचं टेबल आहे. साहजिकच कंदील बाहेरच्या ग्रिलला लोंबतो, आणि खालून वर पाहणाऱ्या पार्टीची नजर बरोबर त्या वाढीव बांधकामावर जाते. ‘हे सँक्शन आहे का?’ कंदील स्वयंपाकघराच्या खिडकीला लावावा. माळा लुकलुकणाऱ्या नसाव्यात. बघणाऱ्याला वायरिंगचा लोच्या वाटतो. पार्टीला संध्याकाळी सातला बोलवलंत तर पणत्यांच्या उजेडात भिंती कोवळ्या दिसतात, समोरची इमारत हाताच्या अंतरावर आहे हेही दिसत नाही. ते तिला रविवारी सकाळी अकराला दिसतं, कारण पार्टी दुसऱ्यांदा येतेच.

फराळाची श्रेणी ठरवून ठेवावी. नुसतं बघून जाणाऱ्याला चिवडा. भाव विचारणाऱ्याला चिवडा आणि चकली. कर्ज मंजूर असलेल्याला लाडू. करंजी दुसऱ्या भेटीपूर्वी देऊ नये, आणि अनारसे टोकन खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय डब्यातून बाहेर काढू नयेत. एजंट या श्रेणीत बसत नाही. तो प्रत्येक पार्टीबरोबर येतो आणि प्रत्येक वेळी खातो. दोन टक्के दलाली ठरवताना हे धरलेलं नसतं.

आता किल्ला. हा सजावटीतला सगळ्यात अवघड विषय आहे आणि त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. सोसायटीतली मुलं वसुबारसेच्या आधीच दगड-विटा रचतात, त्यांवर पोतं भिजवून टाकतात, लाल माती थापतात, हळीव पेरतात. बुरूज होतात, तळं होतं, मावळे पहाऱ्यावर उभे राहतात, वर सिंहासनावर महाराज बसतात. आणि हे सगळं तुमच्या पार्किंगमध्ये होतं, कारण तुमच्या गाडीला तिथे सावली असते आणि किल्ल्यालाही तीच लागते. पार्टी विचारते, ‘कव्हर्ड पार्किंग कुठलं?’ तुम्ही बोट दाखवता. तिथला सहा वर्षांचा किल्लेदार हातातला पाण्याचा मग खाली न ठेवता सांगतो, ‘हा रायगड आहे.’ महाराजांना उठवून तिथे गाडी लावून दाखवायची छाती कोणाची आहे? पार्टीचीही नसते. ती वाकून नमस्कार करते आणि टेप काढून शेजारच्या पार्किंगची लांबी मोजते. सोसायटीतल्या एखाद्या सभासदाने हा किल्ला पाण्याच्या टाकीपाशी हलवायचं सुचवून पाहावं. ते सभासद तुम्ही नसावं.

शेवटी कामाचं. एवढी सजावट केल्याने फ्लॅटचा भाव एक रुपयानेही वाढत नाही. भाव बाजूच्या विंगमध्ये सहा महिन्यांपूर्वी काय झाला त्यावर ठरतो, आणि तो आकडा मेहुण्यांना घरी निघतानाच ठाऊक असतो. व्यवहार अडतो तो कागदांवर. म्हणून धनत्रयोदशीच्या आत इंडेक्स टू, जुनं खरेदीखत, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराच्या पावत्या आणि सोसायटीची एनओसी एका फाइलमध्ये लावून ठेवा. हस्तांतराचं प्रीमियम म्हणून महापालिका हद्दीत सोसायटीला पंचवीस हजारांच्या वर मागता येत नाही, हेही सचिवांना फराळाला बोलावून गोडीगुलाबीने सांगा. आणि ती फाइल चकलीच्या डब्याखाली ठेवू नका. शेअर सर्टिफिकेटमध्ये तेल मुरलं तर दुसरं काढायला कमिटीची सभा लागते, आणि कमिटी दिवाळीत गावाला गेलेली असते.