विरार लोकलसाठी वेशभूषाशास्त्र (अल्प उत्पन्न गट)

कमी पैशांत झकपक कसं राहावं, याचे आजवरचे बहुतेक सल्ले हातपाय पसरायला जागा असलेल्या माणसांनी दिले आहेत. एक काळी पँट घ्या, दोन पांढरे शर्ट घ्या, आलटूनपालटून घाला, वगैरे. सल्ला वाईट नाही. पण माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, हे त्यात परस्पर धरून चाललेलं असतं. वसईहून चर्चगेटला जाणाऱ्याला ही चैन नाही. मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीला रेल्वेने 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव दिलं आहे. त्याचा अर्थ, उभं राहण्याच्या दर चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं. चौरस मीटर म्हणजे घरातल्या कॅरम बोर्डाहून जरा मोठी जागा. तेवढ्यात सोळा जण उभे केले, की प्रत्येकाचं काय दिसतं? डोकं, कान, मान, कॉलर, एक खांदा आणि वरच्या कडीला लटकलेलं मनगट. बाकीचा देह बोरिवलीपर्यंत अज्ञातवासात असतो. त्यामुळे या शास्त्राचा एकमेव सिद्धांत असा: जेवढं दिसतं, तेवढ्यावरच खर्च करावा.

सिद्धांत नवा वाटला, तरी वसईच्या कुपारी समाजातल्या आज्यांनी तो कधीच आचरणात आणला आहे. अंगावर वर्षानुवर्षं तेच लाल लुगडं आणि कानागळ्यात मात्र अस्सल सोनं. दिसण्याचा भाग आणि भांडवल गुंतवण्याचा भाग त्यांनी एकच केला. आपल्याला सोनं परवडत नाही, तर लोकलमधल्या फेरीवालीकडचे डूल घ्यावेत. दुकानच मांडीपाशी चालून येत असल्याने रिक्षाभाडंही वाचतं. पुरुषांनी शर्टाची कॉलर विरली की शर्ट टाकू नये, शिंप्याकडून कॉलर उलटवून घ्यावी. खालच्या भागासाठी वसईतल्या पापडीचा आठवडी बाजार पुरेसा आहे. तिथे घासाघीस करताना कापडाचा रंग उडेल का, हे विचारून दुकानदाराला अडचणीत टाकू नये. तो रंग बघायला कोणाला सवड आहे?

नवरात्रात मात्र हे शास्त्र खऱ्या कसोटीला लागतं. नऊ दिवसांचे नऊ रंग कुठल्या पोथीत नाहीत. या शतकाच्या सुरुवातीला मराठी वर्तमानपत्रांनी ते रुजवले आणि लेडीज डब्याने त्यांना कायद्याचं रूप दिलं. दरवर्षी नवे रंग म्हणजे दरवर्षी नवा खर्च, असा समज आहे. तो यादी नीट न वाचल्यामुळे झालेला आहे. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार नारिंगी. 2022 मध्ये घट सोमवारी बसले, 2023 मध्ये रविवारी, 2024 मध्ये गुरुवारी. वारांचे रंग तसूभरही हलले नाहीत. उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी आणि जांभळा यांतले दोन येतात. म्हणजे एकूण रंग दहा, आणि तेही जन्मभरासाठी. मैत्रिणींमध्ये वाटून घेऊ, ही युक्ती इथे चालत नाही, कारण पिवळं सगळ्यांना गुरुवारीच हवं असतं. पण खांद्यापुरतंच दिसायचं असेल, तर दहा साड्या कशाला? दहा ओढण्या घ्याव्यात. ग्रुप सेल्फीचा आक्षेप कोणी घेईल, तर सेल्फीतही खांद्याखाली काही येत नाही. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्यांनी करडी आणि नारिंगी वगळावी. त्यांचं आठ ओढण्यांत भागतं.

आता गंभीर आक्षेप. डिसेंबर 2017 पासून पश्चिम रेल्वेवर एसी लोकल धावते. तिथे माणूस जास्त दिसतो, मग काय? एक तर गर्दीच्या वेळी तिथेही फारसा दिसत नाही. आणि साध्या पासातून एसीच्या पासात गेलं, की कपड्यांसाठी ठेवलेले पैसे तिकीट खिडकीवरच संपतात. म्हणजे जिथे दिसण्याची सोय आहे, तिथे पोचणाऱ्याकडे दाखवण्यासारखं काही उरत नाही. दुसरा आक्षेप ऑफिसचा. तिथे टेबल आहे, आणि कमरेखालचं झाकणं हा टेबलाचा मोठाच उपकार आहे. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा इस्त्रीची पँट आणि बाजारातली पँट गुडघ्यापर्यंत सारख्याच भिजल्या, हा पुरावाही या बाजूने जमा धरावा.

खरा पेच लग्नांचा. वसईत आमंत्रणं चर्चचीही येतात आणि मुहूर्ताचीही. नाताळाआधीचा आगमनकाळ, ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि हिंदूंचा चातुर्मास यांत सहसा लग्नं होत नसल्यामुळे खिशाला मधूनमधून श्वास मिळतो. बाकी महिन्यांत मात्र पाहुणा नखशिखांत दिसतो. तरीही सूट शिवू नये. मे महिन्यातल्या वसईच्या दमटपणात कोट स्टेजवर जाऊन फोटो काढेपर्यंत अंगावर टिकतो आणि नंतर खुर्चीच्या पाठीवर लोंबतो. तेव्हा कोट भाड्याने आणावा, शर्ट स्वतःचा असावा. एकाच मंडपात चुलतभाऊही येणार असेल, तर दोघांत एक कोट पुरतो. फक्त दोघांनी एकदम स्टेजवर जाऊ नये. हल्ली लग्नात ड्रोन कॅमेरा फिरतो, आणि त्याला वरून टकलाखेरीज काही दिसत नाही. टकलाची व्यवस्था या मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही.