सेटिंगभाऊ

एटापल्लीसारख्या तालुक्याच्या गावी सेटिंगभाऊ नावाची जागा कुठल्याच आकृतिबंधात मंजूर नाही, तरी ती रिकामी म्हणून राहत नाही. एक सेटिंगभाऊ पोलीस भरतीत लागला किंवा वजनकाट्यावर नोकरीला गेला, की पावसाळ्याच्या आत दुसरा तयार होतो. पोटापाण्यासाठी तो कुठल्यातरी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक असतो, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज भरतो. शिक्षण विचारलं तर एमएस-सीआयटी मोठ्याने सांगतो आणि चंद्रपुरात अर्ध्यावर सोडलेला डिप्लोमा हळू आवाजात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दोन पेन ड्राइव्ह असतात. चेहऱ्यावर कायमचा भाव असा, की हे यंत्र आपल्याआधी कोणीतरी बिघडवून गेलं आहे. हेडरी, तोडसा, गट्टा, सूरजागडच्या पायथ्याच्या कुठल्याही गावाहून फोन येवो, तक्रार एकच असते: “भाऊ, पडदा फुगला जी. अक्षरं बोराएवढी होऊन राहिली.” त्यावर भाऊ रोगाची चौकशी करत नाही, थेट आरोपीची करतो: “विंडोज कोणी मारली?”

या माणसाची टिंगल करायला सगळ्यांना आवडतं, कारण त्याच्या उपचारांना मंत्रतंत्राचा वास येतो. आल्याआल्या तो मॉनिटरच्या मागची केबल उपटतो, पिनांवर फुंकर मारतो, केबल पुन्हा लावून दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळतो, मॉनिटरखालचं ‘ऑटो’चं बटण दाबतो, कॉम्प्युटर बंद करून चालू करतो आणि हात मागे बांधून उभा राहतो. शिकलेली मंडळी, विशेषतः नागपूरहून सुट्टीत आलेली, गालात हसतात. हसायला हरकत नाही. सेटिंगभाऊमध्ये हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते या केबलीत नाही, आणि हसणारे नेमके तिथेच हसतात. फुंकर तेवढी सोडून देऊ, तिला कुठल्याही शास्त्राचा आधार नाही. बाकीच्या कृतींना आहे. मॉनिटरच्या आत १२८ बाइटांची एक छोटी नोंद साठवलेली असते: कंपनी कोणती, पडदा केवढा, कोणत्या मापाचं चित्र त्याला चालेल. कॉम्प्युटर ती मागून घेतो आणि त्या मापाचं चित्र पाठवतो. आयबीएमने १९८७ साली आणलेला आणि आपल्या कचेऱ्यांत अजून ठाण मांडून बसलेला जो व्हीजीए जोड, त्यात पंधरा पिनांची सोय असते. ही नोंद त्यातल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते. स्वस्त केबलीत या तारा कधीकधी जोडलेल्याच नसतात, जुन्या केबलीत नेमकी तीच पिन वाकते. चित्राच्या तारा शाबूत असल्याने चित्र दिसतं, पण ओळख पटत नाही. मग ऑपरेटिंग सिस्टिम कुठल्याही मॉनिटरला सोसेल असं माप धरते, बहुतेकदा १०२४ × ७६८. ते जुन्या घाटाचं चित्र १३६६ × ७६८ च्या रुंद पडद्यावर ताणून बसतं, रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि वर्तुळ लंबगोल होतं. केबल काढून लावणं म्हणजे ती नोंद पुन्हा मागायला लावणं. ‘ऑटो’चं बटण एका बाजूला सरकलेलं चित्र जागेवर आणतं. भाऊला यातलं कारण सांगता येईलच असं नाही; पण तालुक्यात कारण सांगणारे पुष्कळ असतात आणि केबल घट्ट करणारा एकच.

ही साथ सध्या जोरात असण्याचं कारण १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेत आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीनंतरचाच हवा. कचेऱ्यांतले जुने डबे त्यात बसत नाहीत. मग कोणी आडवाटेने ११ चढवतं, कोणी लिनक्स मिंट, कोणी उबंटू. नवी सिस्टिम येते तेव्हा जुने ड्रायव्हर जातात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मिळाला नाही की विंडोज आपला कामचलाऊ ड्रायव्हर लावते आणि रिझोल्यूशनचा रकाना राखाडी होऊन बसतो, बोट लावू देत नाही. योग्य ड्रायव्हर सिस्टिम स्वतःच इंटरनेटवरून आणेल, असं तिच्या कर्त्यांनी गृहीत धरलेलं असतं. पण इंटरनेट चालायला नेटवर्कचा ड्रायव्हर लागतो आणि तो इंटरनेटवर असतो. पुण्यात हा विनोद अर्ध्या तासात संपतो, शेजारच्या फ्लॅटमधून वायफाय मागता येतं. पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटलेलं असताना आणि विजेबरोबर टॉवरही बसलेला असताना तो आठवडाभर चालतो. सूरजागडच्या लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ साली दिला गेला आणि आता त्या डोंगराचे ट्रकच्या ट्रक आलापल्लीच्या रस्त्याने खाली उतरतात. वर चढू पाहणारा काहीशे एमबीचा ड्रायव्हर मात्र निम्म्यात धापा टाकतो. म्हणून ते दोन पेन ड्राइव्ह. आजवर भेटलेल्या प्रत्येक मशीनचा ड्रायव्हर भाऊने त्यांत जमवलेला असतो, आणि फोल्डरांची नावं ‘बीडीओ साहेब जुना’, ‘शाळा (आवाज येत नाही)’, ‘फायनल २ हेच घ्या’ अशी. दुसऱ्या कोणाला त्यातून काही सापडणार नाही. ते बहुधा मुद्दामच असतं.

नव्या सिस्टिमी सगळं आपोआप करतात, आता या माणसाची गरज संपली, असं काहींचं म्हणणं असतं. नवा मॉनिटर, एचडीएमआय केबल आणि चालू नेट, एवढं असेल तर ते खरंच आहे. पण मॉनिटर ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा चिवट असतो. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ च्या एप्रिलमध्ये संपला. तिच्या काळात घेतलेले मॉनिटर मात्र अजून रोज अकरा वाजता उघडतात. नव्या डब्याला व्हीजीएचं तोंडच नसतं, म्हणून मध्ये कन्व्हर्टर येतो, आणि स्वस्त कन्व्हर्टर ती १२८ बाइटांची नोंद वाटेतच गाळतो. लिनक्सची तऱ्हा आणखी निराळी. १३६६ या आकड्याला आठाने भाग जात नाही, आणि चित्राची मापं आखण्याचं जुनं सूत्र रुंदी आठाच्या पटीतच मोजतं. त्यामुळे १३६६ मागा, हाती १३६८ येतं. हे प्रकरण निस्तरणारी ‘एक्सरँडर’ची लांबलचक आज्ञा भाऊने तोंडपाठ केलेली असते आणि ती तो लोकांदेखत, की-बोर्डकडे न बघता टाइप करतो. त्याच्या कीर्तीचा निम्मा आधार तेवढाच. पुढे उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून पडदा हाताळणारी यंत्रणाच बदलून वेलँड आणली आणि ती या आज्ञेला जुमानत नाही. भाऊने यावर नवी आज्ञा शिकायला हवी होती. त्याने उबंटू बिघडलं असं जाहीर करून टाकलं आणि मिंटचा प्रचार सुरू केला, कारण मिंटवर ती जुनी आज्ञा अजून चालते. इथे मी त्याची बाजू घेणार नाही. पण ज्या पक्षात आपलं चालतं तो पक्ष चांगला, हे धोरण त्याने एकट्याने शोधलेलं नाही.

दुसरी हरकत जास्त मुरलेली आहे: दिसतंय ना, मग थोडं रुंद दिसलं तर काय बिघडलं? सिनेमा बघायचा असेल तर काही नाही. पण या कॉम्प्युटरवर दाखले निघतात. ताणलेल्या पडद्यावर अर्जदाराचा फोटो फुगीर दिसतो. परिचालक भल्या हेतूने तो दोन्ही बाजूंनी दाबून सरळ करतो, आणि कागदावर उमेदवार महिनाभर उपाशी असल्यासारखा छापून येतो. देवनागरीचे हाल तर वेगळेच. एलसीडीचे ठिपके पक्के असतात. त्यांच्या संख्येशी न जुळणारं चित्र आलं की कडा पसरतात. रोमन अक्षर तेवढं सोसतं. ‘गट्टा’तला ट्ट आणि ‘एटापल्ली’तला ल्ल यांना ते झेपत नाही, अनुस्वार धूळ समजून पुसला जातो. वनहक्काच्या दाव्याला जोडलेला नकाशा अशा पडद्यावर उघडला तर गावाची शीव पूर्व-पश्चिमेला तृतीयांशाने वाढते. दावेदारांना ते आवडेलही, समितीला नाही. तेव्हा सरकारी संकेतस्थळावरच्या फोटोतला ताणलेला मंत्री पाहून भाऊला होणाऱ्या यातना नाटकी वाटल्या तरी त्यांना आधार आहे. बाकीच्यांना मंत्री तसाच बरा वाटतो, ही गोष्ट अलाहिदा.

आता हसायची खरी जागा. सेटिंगभाऊ पडदा बरा करतो आणि पडद्यापुढे बसलेल्या माणसाकडे एकदाही बघत नाही. पन्नाशीतले बाबू, चष्म्याचा नंबर दोन वर्षांपूर्वीचा, आणि भाऊ त्यांच्यापुढे धारदार, बारीक, बिनचूक अक्षरं ठेवतो. विंडोज विचारते, हे बदल ठेवायचे का, आणि १५ सेकंद देते. त्या १५ सेकंदांत कचेरीत मतदान होतं. बाबू म्हणतात, “पहिलंच बरं होतं जी.” भाऊ म्हणतो, “सवय होईल.” आणि बटण दाबतो. तो जिन्यावरून खाली उतरेपर्यंत बाबूंनी १०२४ × ७६८ परत आणलेलं असतं, कारण तेवढी सेटिंग त्यांनी त्याच्याकडूनच शिकून घेतलेली असते. यावर माहीतगार लोक शहाणपणाने सांगतील, माप पूर्ण ठेवा आणि स्केलिंग १२५ टक्के करा. उत्तर पुस्तकी आहे आणि मोठ्या पडद्यावर बरोबरही आहे. या पडद्यावर हिशेब मांडून बघा: १३६६ × ७६८ ला १२५ टक्के केलं की वापरायला उरते साधारण १०९३ × ६१४ एवढी जागा. उभी जागा पाचव्या हिश्श्याने गेली, आणि अर्जाचं ‘सादर करा’ हे बटण नेहमी तळाशीच असतं. काही खिडक्या सरकतही नाहीत. मग टॅब मोजत अंदाजाने एंटर मारायचा. बाबूंच्या पसरट चित्रात मात्र ७६८ च्या ७६८ ओळी जागेवर राहतात. शिवाय कितीतरी सरकारी संकेतस्थळांनी हे पान १०२४ × ७६८ वर उत्तम दिसेल असं वर्षानुवर्षं तळटीपेत लिहून ठेवलं होतं. बाबूंनी ती सूचना पाळली एवढंच. म्हणजे डोळ्यांपुरते बाबू बरोबर आहेत, अक्षरांपुरता भाऊ. दोघांचं जमेल अशी वाटही आहे: रिझोल्यूशन पूर्ण ठेवायचं, स्केलिंगला हात लावायचा नाही, आणि मजकुराचा आकार तेवढा वाढवायचा किंवा ब्राउझरचं पान मोठं करायचं. विंडोजमध्ये ही सोय सुलभतेच्या रकान्यात आहे, मिंटमध्ये फाँटच्या. भाऊला ती ठाऊक असते. पण तिथे जाणं त्याला कमीपणाचं वाटतं, ती म्हाताऱ्यांची सेटिंग आहे असं त्याचं मत. चष्मा त्याला स्वतःला लागेपर्यंत ते बदलायचं नाही.

त्याच्यावरचा गंभीर आरोप वेगळाच आहे. तो जी विंडोज मारतो ती बहुधा विकत घेतलेली नसते. हा आरोप खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे बचाव नाही. मिंट आणि उबंटू फुकट आणि राजरोस मिळत असताना तर मुळीच नाही. बटण दाबायचे पैसे कसले, ही तक्रार मात्र मानण्यासारखी नाही. बटण कोणीही दाबेल. कोणतं दाबायचं ते ठाऊक असण्याचे, आणि चिखलातून हेडरीपर्यंत मोटरसायकल आणण्याचे पैसे असतात. ते द्यायला ग्रामपंचायतीची तयारीही असते, पण रिझोल्यूशन दुरुस्तीला कुठलं लेखाशीर्ष लावायचं हे कोणाला कळत नाही. म्हणून व्हाउचरवर ‘की-बोर्ड दुरुस्ती’ लिहिलं जातं, दर वेळी. लेखापरीक्षणाला आलेल्या साहेबांनी विचारलंच, की एवढ्या वेळा दुरुस्त झालेला हा की-बोर्ड आहे तरी कुठे, तर ग्रामसेवक टेबलावरचा की-बोर्ड दाखवतात. तो उत्तम चालत असतो.