आखणीतले अप्पा

अप्पांनी गुजरातच्या सहलीची आखणी सुरू केली, तेव्हा थापट्या बदकांनी सायबेरियातून निघायचा विचारसुद्धा केला नव्हता. पुण्यात आषाढाची झड लागली होती. माणसं छत्र्यांच्या काड्या बसवून घेत होती. आणि अप्पांनी आमच्या पक्षिमंडळाच्या गटावर लिहिलं : "डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेळावदरला सूर्यास्त सहा वाजून एक मिनिटाने. त्यामुळे त्या दिवशी चहा साडेचारलाच उरकावा लागेल. कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगा." हरकत कुणीच घेतली नाही, कारण कुठे जायचंय हेच तोवर कुणाला माहीत नव्हतं.

अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे तळ्यावर उभं राहिलं की आपल्याला बदकं दिसतात आणि त्यांना सांडवा दिसतो. हिवाळी पाहुणे नेमके धरणांच्या आणि बंधाऱ्यांच्या पाण्यावर उतरतात, हे कळल्यापासून त्यांना आपल्या सगळ्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटतं. सहलीचं पहिलं ठाणं त्यांनी निवडलं ते बडोद्याजवळचं वढवाणा. पाठोपाठ अहमदाबादजवळचं थोळ. दोन्ही तळी गायकवाडी अमलात शेतीसाठी बांधलेली; थोळ १९१२ मधलं. गादीवर सयाजीराव, म्हणजे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. "म्हणजे आपण परराज्यात चाललेलोच नाही," अप्पा म्हणाले, "आपल्याच माणसाने करून ठेवलेल्या कामाची पाहणी करायला चाललोय." वढवाणा आणि थोळ २०२१ मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत गेली, नळसरोवर २०१२ मध्ये, जामनगरचं खिजडिया २०२२ मध्ये जाहीर झालं. लोक अष्टविनायक करतात तसे अप्पा रामसर करतात, आणि क्रम चुकलेला त्यांना तितकाच खपत नाही.

आखणीचा तक्ता संगणकावर असतो. ठिकाण, वेळ, अपेक्षित पक्षी असे रकाने कुणीही पाडेल. अप्पांच्या तक्त्यात चौथा रकाना असतो, 'पर्यायी पक्षी'. क्रौंच न आल्यास चिखल्या. चिखल्याही न आल्यास वारकरी. वारकरी, म्हणजे ते काळं, पांढऱ्या कपाळाचं पाणपाखरू, कुठल्याही तळ्यावर असतंच. त्यामुळे अप्पांची सहल तत्त्वतः कधीच फसू शकत नाही.

पण खरी मेख तिसऱ्या रकान्यात आहे. तिथे पक्षी लिहिल्याशिवाय गाडी थांबू शकत नाही, असा अप्पांचा नियम आहे. माणसाला चहा लागतो, आडोसा लागतो, कधी नुसते पाय मोकळे करावेसे वाटतात, हे त्यांना मान्य आहे. मात्र त्यासाठी एखादा पक्षी जामीन राहिला पाहिजे. म्हणून टपरीवरच्या चहासमोर 'वेडा राघू, तारेवर' असं लिहिलेलं असतं. बायकांसाठी गाडी थांबवायची असेल तिथे 'सातभाई, दाट झुडुपात' अशी नोंद असते. नवीन आलेल्या एक बाई खरंच दुर्बीण घेऊन उतरल्या होत्या.

आता मराठी माणसाने गुजरातची सहल आखायची आणि द्वारका निघायची नाही, हे शक्य आहे का? काकूंनी, म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवतींनी, पहिल्याच बैठकीत विषय काढला. "अहो, जामनगरपर्यंत जातोच आहोत, तर द्वारकाधीशाचं दर्शन घ्यायला काय हरकत आहे?" अप्पांनी चष्मा काढून पुसला. ही त्यांची नकार देण्याची पूर्वतयारी असते. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं, चष्मा पुन्हा चढला, आणि तक्त्यात ओळ पडली : 'द्वारका. कुरव.' समुद्रकाठी हिवाळ्यात कुरव येतात हे खरंच आहे, आणि बेट द्वारकेच्या बोटीमागे त्यांचे थवेच्या थवे उडतात. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे सुदर्शन सेतू खुला झाला, त्याचा काकूंना आनंद झाला आणि अप्पांना घोर लागला. कुरव बोटीमागे येतात, इनोव्हामागे येत नाहीत.

काकूंना मग वाट सापडली. जामनगरची बांधणी प्रसिद्ध, तेव्हा बाजारात तासभर हवाच. मात्र या वेळी त्यांनी बांधणीचं नावसुद्धा काढलं नाही. "जामनगरात संध्याकाळी भोरड्या फार सुंदर उडतात म्हणे, लाखोटा तलावावर," एवढंच त्या म्हणाल्या. उडतातच. हजारोंनी येतात आणि रात्रीच्या मुक्कामाला बसण्यापूर्वी आभाळात नुसत्या घुमत राहतात. अप्पा खूश. काकूंचा पक्ष्यांचा अभ्यास वाढला म्हणून त्यांनी गटावर जाहीर कौतुक केलं. तलाव भर गावात आहे आणि बाजार तिथून लांब नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तक्ता छापून झाला होता.

आमचे डॉक्टर मात्र अडले. त्यांचं म्हणणं साधं : गुजरातेत दारूबंदी आहे, बाहेरच्यांना परवाना मिळतो, तर अहमदाबादेत तेवढं काम करून घेऊ. अप्पा म्हणाले, "डॉक्टर, राज्य कोरडं आहे आणि आपण पाणथळी बघायला चाललोय. एवढ्यावर समाधान माना." शिवाय परवान्याच्या रांगेत पक्षी कुठला लिहायचा? डॉक्टर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी गटावर त्यांचा एका ओळीचा निरोप आला : "अप्पा, पारवे चालतील का?"

चेष्टा बाजूला ठेवली, तर या तक्त्यामागचा अभ्यास पाहून मान लववावी लागते. नळसरोवर सव्वाशेच्या आतबाहेर चौरस किलोमीटरचं, पण उथळ. नावाडी वल्ही मारत नाही, बांबू तळाला रोवून नाव ढकलतो. रोहित पक्ष्यांना हेच उथळ पाणी लागतं. त्यांना चोच चिखलात उलटी बुडवून गाळून खायचं असतं, त्यासाठी पाय टेकले पाहिजेत. पाऊस धो धो झाला, पाणी चढलं, की रोहित दुसरीकडे पांगतात. म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही खडकवासल्याचा विसर्ग वाचत असतो आणि अप्पा सुरेंद्रनगर जिल्ह्याचं पर्जन्यमान. कच्छच्या छोट्या रणात तर त्यांना आणखी काळजी. अभयारण्य जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचं, रानगाढवं दिसतीलच, पण हुबारा दिसेल का? "सलीम अलींनी कच्छच्या पक्ष्यांवर पुस्तक काढलं ते १९४५ मध्ये," ते आम्हाला दरडावतात, "त्या वेळी त्यांच्याकडे गुगलचा नकाशा होता का?" यावर काय बोलणार?

सगळ्या आखणीची कळ मात्र नरारात आहे. जामनगरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातली ही जागा. ओहोटी लागली की समुद्र दूरवर मागे सरतो आणि माणूस प्रवाळांमधून पायी हिंडू शकतो. खेकड्यांवर टपलेले क्रॅब प्लोव्हर तिथेच बघायचे. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते. म्हणजे नरारा ज्या दिवशी, त्या दिवशीच्या चंद्रावर आदल्या रात्रीचा मुक्काम ठरतो, मुक्कामावर जेवण, आणि जेवणावर नळसरोवरला किती वाजता उठायचं ते. भरतीओहोटीचं कोष्टक अप्पांच्या देवघरात पंचांगाशेजारी टाचलेलं आहे.

आणि सप्टेंबरात काकूंच्या भाच्याचं लग्न ठरलं. तारीख नेमकी निघायच्या दिवशीची. सहल एका दिवसाने पुढे ढकलू, इतकंच काकू म्हणाल्या. अप्पा संध्याकाळपर्यंत हिशेब करत बसले. एक दिवस म्हणजे पन्नास मिनिटं. पन्नास मिनिटं म्हणजे नराराला भर उन्हात पोचणं. तिथून निघायला उशीर म्हणजे भोरड्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीचं वेळावदर अंधारात. शेवटी त्यांनी व्याह्यांना फोन लावला. मुहूर्त दोन दिवस अलीकडे घेता येईल का, असं अत्यंत नम्रपणे विचारलं. काकूंनी रिसिव्हर हिसकावला तेव्हा ते समजावत होते : "तसं नव्हे हो, चंद्र कुणाचं ऐकत नाही, भटजी ऐकतात."

लग्न ठरल्या तारखेलाच लागलं. अप्पा अक्षता टाकून, पंगतीत न बसता, डबा घेऊन स्टेशनवर आले. काकू दुसऱ्या दिवशी भाच्याचं वऱ्हाड घरी पोचतं करून थेट अहमदाबादेत येऊन मिळाल्या.

सहल झाली, चांगली झाली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तक्त्यात लिहिलंय ते सगळं दिसलं. नळसरोवरला नावेत आम्ही रोहितांकडे बघून हरखलो असताना मागून आवाज आला, "रोहित झाले? चला, जांभळी पाणकोंबडी." खिजडियाला बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारं, म्हणून दोन तऱ्हेचे पक्षी एकाच जागी. तिथे अप्पा बराच वेळ बांधाच्या उताराकडे बघत उभे होते. तेवढा मात्र एक थांबा त्यांनी पक्ष्याशिवाय घेतला.

वेळावदर शेवटी. चौतीसच चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, काळविटांसाठी नावाजलेलं. पण हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे हॅरियर रात्री इथल्या गवतात शेकड्यांनी मुक्कामाला उतरतात, आणि जगात त्यांचे इतके मोठे मुक्काम थोडेच आहेत. चहा साडेचारलाच उरकला होता. उन्हं कलली तसे चहूकडून हॅरियर येऊ लागले, गवतालगत तरंगत, घिरट्या घालत, एकेक करून आत बसत. डॉक्टरसुद्धा सगळं विसरले. अप्पा त्या सगळ्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभे होते. कुणाला नीट दिसत नाही का, कुणाच्या पुढे कुणी उभं आहे का, हे बघत. नंतर परतीच्या गाडीत त्यांची वही उघडी पडली होती. त्या संध्याकाळची नोंद एवढीच : "हॅरियर. ६.०१. वेळेवर."

अप्पांनी स्वतः सगळ्यांत कमी पक्षी पाहिले, आणि आम्हाला सगळ्यांत जास्त दाखवले. असा एक माणूस मंडळात नसेल, तर लोक तळ्यावर सकाळी अकराला पोचतात, तिथे पोहे खातात, आणि पक्षी नव्हते म्हणून सांगत फिरतात.

आता पुढच्या हिवाळ्याचा तक्ता सुरू झालाय : भिगवण, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर. ओहोटी नसल्यामुळे अप्पा जरा निर्धास्त आहेत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, त्यातली एक दुर्बिणीच्या तिपाईची. यायचं असेल तर जरूर कळवा. मात्र घरात कुणाचं लग्न व्हायचं असेल, तर मुहूर्त काढण्याआधी एकदा अप्पांशी बोलून घ्या.