पूर्ण वर्ग काका

लग्नाच्या हॉलमध्ये पाचवी ते आठवीतली पोरं एकाएकी खांबांआड पांगली, की ओळखावं, पूर्ण वर्ग काका आले. प्रत्येक घराण्यात हे असतातच. मूल हाती लागलं की नाव विचारण्याआधी प्रश्न येतो, "1764 चं वर्गमूळ?" उत्तर मिळेपर्यंत दंड सुटत नाही.

उत्तर मिळत नाहीच. मग काका स्वतःच सुरू होतात. "शेवटी 4, म्हणजे मुळाच्या शेवटी 2 नाहीतर 8. आता 17 च्या आतला मोठा वर्ग 16, म्हणून दशक 4. 42 की 48? चार पंचे वीस. 17 विसाहून कमी, म्हणून 42!" तोवर पोराच्या हातातल्या आइस्क्रीमचं सरबत झालेलं असतं. (रीत बिनचूक आहे, पण ती हात धुवायच्या जागी सांगायची नसते.) शिष्यवृत्ती परीक्षेत काकांचं स्वतःचं काय झालं, हा विषय घरात कुणी काढत नाही.

त्यांची एक जुनी जखम आहे. जन्म 1947 चा. स्वातंत्र्याचा आनंद आहेच, पण शेवटी 7! 2, 3, 7, 8 यांनी संपणारी संख्या पूर्ण वर्ग होत नाही म्हणजे नाही. थोरले बंधू मात्र 1936 चे, 44 चा वर्ग. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून काका कधी बोलले नाहीत. या वाटणीवरून अजून बोलतात. 2025 साल उजाडलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले. 45 चा वर्ग, आणि 1 ते 9 ची बेरीजही 45! पुढचं असं साल 2116. तेव्हा आपण नसू हे त्यांना मान्य आहे, पण पोरांनी आत्तापासून पाठ करायला काय हरकत आहे?

एकदाच काका अडले. भाचीच्या मुलीने विचारलं, "आजोबा, आणि 2 चं?" काका 1.414 पर्यंत गेले, थांबले आणि म्हणाले, "न संपणाऱ्या गोष्टी जेवणाआधी काढू नयेत."

तुमची पंगत त्यांच्याशेजारी आलीच, तर आपणहून 65 चा वर्ग विचारा. सहा सत्ते बेचाळीस, पुढे 25, झाले 4225, हे काका पानाभोवतीच्या रांगोळीवर बोटाने लिहून दाखवतात. तेवढ्यात त्यांच्या वाटची जिलबीही तुमच्या पानात पडते.