थुंकीतलं भविष्य

काळाचौकीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला थुंकता येत नाही, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण भाचीने वाढदिवसाला पाठवलेल्या त्या प्लॅस्टिकच्या नळीत लाळ रेषेपर्यंत भरायची होती, वरचा फेस मोजायचा नव्हता, आधी अर्धा तास तोंडात चहाचा घोटही घ्यायचा नव्हता. मी नळी ओठाला लावून खिडकीत उभा राहिलो, तर समोरून जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस ‘काय हो, तब्येत बरी ना?’ विचारायला लागला. प्रत्येकाला उत्तर देण्यात तोंड कोरडं पडत गेलं आणि नळीत फक्त बुडबुडे जमले. शेवटी हिने कैरीच्या लोणच्याची बरणी उघडून माझ्या नाकाखाली धरली. नळी भरली.

भाची बंगळूरला असते, संगणकात काहीतरी करते. काय करते ते तिने मला समजावलंय आणि मी समजल्यासारखं केलंय. ‘मामा, यातून तुझे जीन्स वाचतात आणि पुढे कुठला आजार होऊ शकतो ते सांगतात,’ ती म्हणाली. मला वाटलं, साठीला टेकलेल्या माणसाला हे सांगायला जीन्स कशाला, आमच्या इमारतीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं.

काही आठवड्यांनी मोबाइलवर जाडजूड अहवाल आला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की तुम्हाला कोथिंबीर साबणासारखी लागण्याची शक्यता जास्त आहे. वासाच्या एका जीनवरून म्हणे हे कळतं. कोथिंबीर वडीच्या ताटावरून सख्ख्या मेव्हण्याशी अबोला धरलेला माणूस आहे मी. पुढच्या पानावर माझे स्नायू कमी अंतर वेगात धावणाऱ्याचे निघाले. हे वाचून ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं, आणि ते आणायलाही मी धावलो नाही. पण तिसऱ्या पानाने सगळं भरून काढलं. मधुमेह, टाइप टू : धोका सर्वसाधारण.

आईने शेवटची कितीतरी वर्षं इन्सुलिनवर काढलेली, त्यामुळे ही ओळ मी चष्मा पुसून पुन्हा वाचली, चप्पल घातली, लालबागला गेलो आणि कंदी पेढे घेऊन आलो. इमारतभर वाटले. प्रत्येक घरात ‘तुम्ही पण घ्या की’ असा आग्रह झाला आणि कुणाचं मन मोडणं माझ्या जीन्समध्ये नाही.

रात्री भाचीचा फोन. ‘मामा, खालचं बारीक अक्षरातलं वाचलंस का?’

खाली लिहिलं होतं की हा अंदाज मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला आहे, इतरांनी जपून वापरावा. म्हणजे मी जर्मनीत जन्मलो असतो तर मला धोका सर्वसाधारण होता.

मग भाचीने मला जे सांगितलं ते जमेल तसं सांगतो. लाखो लोकांचा डीएनए तपासतात, आजारी आणि निरोगी लोकांत कुठली अक्षरं वेगळी आहेत ते बघतात, प्रत्येक अक्षराला चिमूटभर वजन देतात आणि बेरीज करतात. अडचण अशी की आजवर अशा अभ्यासांत सुमारे ८० टक्के लोक युरोपीय वंशाचे. शिवाय सापडलेलं अक्षर बरेचदा खरा चोर नसतंच, तो चोराच्या शेजारच्या घराचा पत्ता असतो. लंडनमध्ये त्या पत्त्यावर गेलं की चोर शेजारीच सापडतो, लालबागमध्ये त्याच पत्त्यावर भलताच सज्जन माणूस दार उघडतो. म्हणून हे शास्त्र टाकाऊ आहे असं नाही. टाइप वन आणि टाइप टू मधुमेह वेगळे ओळखण्यासाठी युरोपीयांवरून बनवलेला असाच एक गुणांक पुण्याच्या रुग्णांवर लावून पाहिला, तर तो थोडा कमी पण चांगलाच चालला, असं २०२० मध्ये छापून आलं. आपल्याकडेही २०२० साली ‘जीनोम इंडिया’ सुरू झालं, ऐंशीहून जास्त समाजांतल्या सुमारे दहा हजार माणसांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. त्यात माझी थुंकी नाही. मला कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात अभ्युदयनगरात आमच्या मंडळाचं आरोग्य शिबिर होतं. पेढ्यांची बातमी तिथपर्यंत पोचलेली असल्याने ही मला दंडाला धरून घेऊन गेली. टेबलामागे भाचीच्याच वयाची डॉक्टर होती. तिच्याकडे नळी नव्हती, डीएनए नव्हता. शिंप्याची टेप आणि एक छापील कागद होता. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५ साली भारतीयांसाठी बनवलेला धोक्याचा गुणांक : प्रश्न चार, गुण शंभर.

वय पन्नाशीपुढे, तीस. पोटाचा घेर मोजताना मी श्वास आत ओढून छाती पुढे काढली. ‘काका, श्वास सोडा,’ ती म्हणाली. मी सोडला, टेप तिच्या बोटांतून सुळकन सरकली आणि १०१ सेंटिमीटरवर थांबली. भारतीय पुरुषाने ९०च्या आत राहायचं असतं. अमेरिकेतल्या मापात १०२पर्यंत मुभा होती, तिथे मी काठावर का होईना सुटलो असतो. इथे वीस. व्यायाम? ‘रोज नाक्यापर्यंत चालतो,’ मी म्हणालो. ‘पेपर आणायला जायचे,’ मागून ही म्हणाली, ‘आता तोही पोऱ्या दारात टाकतो.’ तीस. आईला मधुमेह, दहा. एकूण नव्वद. साठ आणि पुढे म्हणजे धोका जास्त.

शंभरपैकी नव्वद मला आयुष्यात पहिल्यांदाच पडले.

मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारं एचबीए१सी आलं ६.३. साडेसहाला मधुमेह, म्हणजे मी उंबरठ्यावर एक पाय आत टाकून उभा. मी शेवटचा डाव टाकला. हे माप लोहाची कमतरता असली किंवा हिमोग्लोबिनच वेगळ्या जातीचं असलं तर फसतं, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. ‘माझ्या रक्तात काहीतरी दुर्मीळ असणार,’ मी म्हणालो. ‘इथल्याच केईएममध्ये डॉ. भेंड्यांनी १९५२ साली बॉम्बे रक्तगट शोधला. युरोपात दहा लाखांत एखाद्याला, आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाला.’ डॉक्टरने शांतपणे कागद उलटा केला. हिमोग्लोबिन साडेचौदा, रक्तगट बी पॉझिटिव्ह.

‘पण मी तर बारीक आहे!’ मी हात पुढे केले. माझे हातपाय खरंच काडीसारखे आहेत आणि वजन उंचीच्या तक्त्यात चोख बसतं. तेव्हा तिने पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. फोटोखाली स्वतः याज्ञिकांनी खुलासा केलाय की युडकिन मॅरेथॉन पळतात, आणि आपला व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं. जीन्सचा वाटा किती ते अजून ठरायचंय, पण जन्माच्या वेळी आपलं वजन कमी होतं, असंही त्यांनी नोंदवलंय. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची, तरी कातडीखालची चरबी आपल्या बाळांनी बरीचशी टिकवलेली, हेही त्यांनीच दाखवलं. एवढा मोठा डॉक्टर माझ्याच जातकुळीचा निघाला म्हणून मला भरून आलं. फरक इतकाच, आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. आणि मी तळमजल्यावर राहतो.

आमचे आबा गिरणीत मागावर आठ-आठ तास उभे असायचे, १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तोपर्यंत. त्यांचं पोट कधी सुटलं नाही. जीन्स त्यांचेच, खुर्ची माझी.

तुम्हीही घरातली टेप काढा. श्वास सोडून, बेंबीच्या आसपास मोजा : पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. फक्त टेप स्वतः धरू नका, बायकोला धरू द्या. स्वतः धरली की दोन इंच कमी भरतं.