सोमवारी या

दहावीचा निकाल लागला तसं वडिलांनी मला सांगलीतल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात नेऊन उभं केलं. साल १९८७. मास्तरांनी पहिल्या दिवशी हातात हत्यार दिलं ते रंगकामाचा अर्ध्या इंचाचा ब्रश. तीन आठवडे मी लोकांच्या टीव्हींतली धूळ, झुरळं आणि एकदा पालीचं अख्खं कुटुंब बाहेर काढत होतो. घरी कुणी विचारलंच, तर सांगायचो, "इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय."

मग रेझिस्टरचे रंग. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, असं पांढऱ्या नऊपर्यंत. अंघोळ करताना मी हे पुटपुटायचो. आजीला वाटलं, पोरगं नवग्रहस्तोत्राला लागलं. पण दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी जुळे भाऊ दिसतात. तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक हजार ओहम. शेवटचा पट्टा नारिंगी असला की दहा हजार. त्या एका शून्यापायी एका काकांचा रेडिओ आठवडाभर कुजबुजत राहिला. काकूंची काही तक्रार नव्हती.

पुढचा धडा मी स्वतःहूनच घेतला. टीव्ही बंद, पिन काढलेली, म्हणून निर्धास्तपणे पिक्चर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली बोट घातलं. ट्यूब म्हणजे काचेचा मोठा कंडेन्सरच. सेट बंद झाला तरी हजारो व्होल्ट पोटात धरून बसते. त्यानंतरचं मला आठवतं ते थेट समोरच्या रॅकखालून. मास्तरांनी आधी ट्यूब फुटली नाही ना ते पाहिलं, मग मला. "बंद टीव्ही आणि झोपलेलं कुत्रं, दोघांवर विश्वास ठेवायचा नाही," म्हणाले. मग स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून, तिचं दुसरं टोक अर्थला लावून त्यांनी टोपीखाली टोक सरकवलं. चट्ट! निळी ठिणगी. हे कालच का नाही दाखवलं, असं विचारायला जीभ जागेवर नव्हती.

खरा धंदा मात्र शिकलो शनिवार-रविवारी. जानेवारीपासून दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं होतं, रविवारी सकाळी साडेनऊला. शनिवारी दुकानापुढे ही गर्दी! कुणाच्या पडद्यावर मुंग्या, कुणाचं चित्र फिरतंय, कुणाला नुसती आडवी रेघ. मास्तरांचं उत्तर एकच : "सोमवारी या." झालेले सेटसुद्धा सोमवारीच. "टेस्टिंगला ठेवलाय."

टेस्टिंग रविवारी साडेनऊला व्हायचं. दुकानात सतरंजी, टीव्हीला हार, पुढे मास्तरांच्या आई, मागे गल्ली. एकदा सेटचे मालक असलेले एक आजोबा घरच्या सात माणसांना घेऊन आले. "सेट इथं, तर आम्हीपण इथंच," म्हणून ठाण मांडून बसले. नेमकं चित्र फिरायला लागलं. मास्तर उठले आणि कॅबिनेटला एक सणसणीत चापट दिली. चित्र जागच्या जागी उभं.

"हे तर मी घरीपण करत होतो!" आजोबा म्हणाले.

"तुम्ही डावीकडून मारत असाल."

"उजवीकडूनच मारत होतो."

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या आई कडाडल्या, "गप्प बसा दोघं, हनुमान आलाय!"