सावली बघ!

“‘डबल इन्डेम्निटी’ पाहिला नाहीस?” अण्णांनी अशा सुरात विचारलं, जणू माझी मुंजच राहून गेली होती.

रविवारी तीनला बसलो. खांद्यात गोळी लागलेला विमा एजंट रात्री ऑफिसात येतो आणि यंत्रात बोलून मोकळा होतो: पैशासाठी आणि एका बाईसाठी खून केला, हाती दोन्ही लागलं नाही. बिली वाइल्डरने १९४४ साली सुरुवातीलाच शेवट फोडून ठेवलाय. अण्णांना फोडायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ते सावल्यांकडे वळले.

“थांब! सावली बघ.” चित्र थिजलं. खिडकीच्या पट्ट्यांची सावली एजंटाच्या कोटावर. “खुनाआधीच गजाआड गेला की नाही गडी?” गेला म्हटलं. तेवढ्यात बार्बरा स्टॅनविक जिना उतरू लागली, घोट्यात साखळी. माझं लक्ष घोट्याकडे.

“थांब! सावली बघ. त्यातली धूळ बघ. कॅमेरामन सेट्झने ॲल्युमिनियमची पूड उडवली होती.”

“अण्णा, तिच्या डोक्यावर टोप आहे का?”

“टोपच आहे. सावली बघ.”

काकू चहा घेऊन आल्या. “मेला का नवरा?”

“अजून पॉलिसीवर सहीच झाली नाही,” मी म्हणालो.

सात नामांकनं मिळून एकही ऑस्कर नाही, हे दुःख अण्णांनी सहीआधी एकदा आणि नंतर दोनदा सांगितलं. नवरा मेला. प्रेत रुळांवर टाकलं, कारण रेल्वे अपघाताला दुप्पट रक्कम. आता पळायचं, तर गाडी सुरू होईना. माझ्या पोटात गोळा.

“थांब!”

“अण्णा, इथे नुसता अंधार आहे हो!”

“अंधार म्हणजे काय? सगळी सावलीच.”

रागाने वळून पाहिलं आणि लक्षात आलं, अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना सिनेमा पाठ. पहिल्यांदा पाहायचा, तर तो आता दुसऱ्याच्याच चेहऱ्यावर. मी उगाच जरा जास्त दचकलो.

सिनेमाभर ऑफिसातल्या साहेबाचा सिगार एजंटच पेटवतो. शेवटी एजंट दारात कोसळतो, तेव्हा साहेब वाकून त्याची सिगारेट पेटवतो. रिमोट टीपॉयवर तसाच पडला होता.

“अण्णा, सावली?”

“गप रे. बघू दे.”

सिनेमा १०७ मिनिटांचा आहे. आम्ही उठलो तेव्हा काकूंचा रात्रीचा कुकर झाला होता.